पाठीवरची लाठी आणि डोक्यातलं राजकारण

(बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर येथे तरुणांच्या अभ्यास शिबिरात केलेले भाषण. बोलीतले शब्द तसेच ठेवले आहेत.)



मला भाषणाची सवय नाही. गोदीत आम्ही बोलतो ते क्रेनच्या आवाजावर ओरडून, आणि रात्री कविता लिहिताना बोलतो ते कागदाशी. माणसांसमोर उभं राहून नीट आवाजात बोलायचं, हे अवघड काम. मॅट्रिकच्या पुढं मी गेलो नाही. समोर बी.ए., बी.एड. झालेली पोरंपोरी बसलीत. सांभाळून घेतलं तर बरं, नाही घेतलं तरी मी बोलणारच.

विषय दिलाय, 'माझे अनुभव आणि माझे राजकीय विचार'. या विषयावर आपल्याकडं एक ठरलेलं भाषण असतं. वक्ता उभा राहतो. गावचा पाणवठा सांगतो, शाळेतला मास्तर सांगतो, आवाज जड होतो, पुढच्या रांगेतले लोक माना हलवतात. शेवटी तो म्हणतो, 'म्हणून मी चळवळीत आलो.' टाळ्या. मला त्या गोष्टींबद्दल शंका नाही. त्या खऱ्याच असतात. मला शंका आहे ती त्या 'म्हणून'बद्दल. आज मी त्या एका शब्दावर बोलणार आहे.

साधा हिशोब करा. सोसण्यानं माणूस आपोआप शहाणा झाला असता, तर माझी पणजी या जिल्ह्यातली सगळ्यात मोठी क्रांतिकारक ठरली असती. तिनं काय सोसलं नाही? उष्टं खाल्लं, शेणातले दाणे धुऊन भाकर केली, वाटेनं जाताना सावली सांभाळली. आणि मरताना म्हणाली, 'आपल्या कर्माचं हाय, बाप्पा.' अनुभव तिच्याकडं डोंगराएवढा होता. त्याचा अर्थ मात्र तिला दुसऱ्यांनी दिला होता, आणि ज्यांनी दिला ते तिच्या सोसण्यावरच जगत होते.

तेव्हा 'भोगलं की कळतं' हे मला मान्य नाही. भोगलं की दुखतं. कळणं ही वेगळी गोष्ट हाय.

आपण बसलोय तिथून खडकपूर्णा फार लांब नाही. तुमच्यातले कितीतरी जण तिच्या पुलावरून एस.टी.नं गेले असतील. तिथं काय झालं ते आधी थोडक्यात सांगतो. २७ जुलै १९७८ ला महाराष्ट्राच्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव मंजूर केला. ठराव झाला मुंबईत, आणि आग लागली मराठवाड्यातल्या आपल्या वस्त्यांना. घरं जळाली, बायाबापड्या रानात लपल्या, पोचिराम कांबळेंना हालहाल करून मारलं. सरकारनं ठराव बासनात गुंडाळला. मग ११ नोव्हेंबर १९७९ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. प्रा. जोगेंद्र कवाडे पुढं. ६ डिसेंबरला औरंगाबादला पोचायचं, पायी. थंडीचे दिवस, वाटेत गावोगावची माणसं भाकरी बांधून सामील होत होती. आपल्या जिल्ह्यात खडकपूर्णेच्या पुलावर मोर्चा अडवला. लाठी चालली. हजारो माणसं पकडली. विद्यापीठाला नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं, आणि त्याआधी दोन महिने नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं होतं.

हा झाला इतिहास. आता घरातलं.

माझा आजा आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघं त्या पुलावर होते. दोघंही भूमिहीन. दोघांनाही अक्षर येत नव्हतं. एकाच रात्री, एकाच पुलावर दोघांनी मार खाल्ला. एकाचा खांदा गेला, दुसऱ्याची पाठ काळीनिळी झाली. अनुभवाच्या तराजूत घातले तर कुणाचंच पारडं खाली जाणार नाही, इतके सारखे.

पुढं काय झालं? आजा सुटून आला तो बदलूनच. कोठडीत त्याच्या शेजारी नागपूरकडचा एक विडी कामगार होता. त्यानं रात्रभर आज्याला समजावलं, की हे पाटीवरच्या नावाचं भांडण नाही, शिक्षणाच्या दारात कुणी उभं राहायचं त्याचं भांडण आहे. आज्यानं घरी येऊन पहिलं काम केलं, पोरांची नावं शाळेत घातली, पोरीचं सुद्धा. मग गायरानाच्या तुकड्यासाठी भांडला. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाची गोष्ट, १९६४ ची, तो आम्हाला रामायणासारखी सांगायचा.

धाकटा आजा सुटून घरी आला तेव्हा घरात दाणा नव्हता. त्याच्या शेजारी कुणी विडी कामगार बसला नव्हता. तिसऱ्या दिवशी गावचा पुढारी आला. ओट्यावर बसला. म्हणाला, 'कायले यायच्या नादी लागतं, बाप्पा? ते जातात नागपूरले निंघून, मार खाते तू. तुले घरकूल देतो.' आणि घरकूल दिलं. खोटं नाही बोलला तो. धाकट्या आज्यानं मग तीस वर्षं वाडीची मतं त्या पुढाऱ्याच्या पेटीत टाकून दिली.

दोघांची घरं एका भिंतीची. दोघंही भांडताना एकच वाक्य बोलायचे, 'म्या लाठी खाल्ली हाय, मले नको शिकवू.' आणि दोघंही खरं बोलायचे!

लहानपणी मला हे कोडं होतं. एकच लाठी, दोन राजकारणं. आज मला त्याचं उत्तर असं दिसतं. लाठी फक्त एवढंच सांगते की दुखतंय. मारणारा कुणाच्या हुकमानं आला, हुकूम देणाऱ्याला कशाची भीती वाटली, पुन्हा मारू नये म्हणून काय करायचं, यातलं काही लाठी सांगत नाही. ते माणूस सांगतो. अनुभव आणि मत यांच्यामध्ये कायम एक माणूस बसलेला असतो. कधी तो विडी कामगार असतो, कधी ओट्यावर बसलेला पुढारी, कधी कीर्तनकार, कधी पुस्तक, आता खिशातला मोबाईल. तो अर्थ सांगतो आणि आपल्याला वाटतं, हे आपल्याला आपलंच सुचलं.

धाकट्या आज्याला मी गद्दार म्हणणार नाही. त्याची पोरं उपाशी होती आणि चळवळ त्याच्या ओट्यावर तीन दिवसांत पोचली नाही. पुढारी पोचला. हा हिशोब आपण आपल्या वहीत मांडला पाहिजे.

आता बाबासाहेबांकडं येतो. स्वतःचे अनुभव घेऊन काय करायचं, हे त्यांच्याएवढं स्वच्छ कुणी दाखवलं नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचं छोटंसं लिखाण. १९३५-३६ च्या आसपास लिहिलेलं, पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० साली छापलं. मराठीत आलेलं हाय, वाचा. त्यात १९०१ सालचा गोरेगावचा प्रवास हाय. लहान भावंडं, अंगावर चांगले कपडे, खिशात भाड्याचे पैसे, आणि जात कळल्याबरोबर एकही गाडीवान तयार नाही. शेवटी दुप्पट भाडं, आणि बैलगाडी पोरांनीच हाकायची. रात्रभर पाणी नाही. मग बडोदा. कोलंबियात शिकून आलेला माणूस, नोकरी दरबाराची, आणि राहायला छप्पर नाही. पारशांच्या धर्मशाळेतूनही काठ्या घेऊन आलेल्या पारशांनी बाहेर काढलं. मग १९२९, चाळीसगाव. टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नाही, आणि आपल्या पाहुण्यानं पायी यावं हे वस्तीतल्या लोकांना अपमानाचं वाटलं. टांगा कधी न हाकलेला आपलाच माणूस पुढं बसला. पुलावर टांगा उलटला, पाय मोडला. मग १९३४, दौलताबाद. हौदाच्या पाण्यावरून तिथले मुसलमान अंगावर आले.

आता बघा, हे चार प्रसंग एकच गोष्ट सांगत नाहीत. गोरेगाव सांगतं, पैसा असला तरी जात सुटत नाही. बडोदा सांगतं, डिग्री असली तरी सुटत नाही, आणि पारशाच्या दारातही सुटत नाही. दौलताबाद सांगतं, मुसलमानाच्या हौदावरही सुटत नाही. चाळीसगाव सांगतं, ज्याच्या स्वतःच्या पोटाला नाही तो टांगेवालासुद्धा बॅरिस्टरापेक्षा स्वतःला उंच समजतो. प्रत्येक अनुभवानं आधीच्या समजुतीत भर घातली.

आणि खरी गोष्ट पुढं हाय. त्या लिखाणात सहा प्रकरणं. चार स्वतःची. उरलेली दोन दुसऱ्यांची. एकात काठेवाडातला एक शाळामास्तर, त्याची बाळंतीण बायको आणि शिवायला नकार देणारा डॉक्टर. दुसऱ्यात गुजरातेतल्या बोरसद तालुक्यातला एक तरुण तलाठी, ज्याला कचेरीत पाणी नाही, खुर्ची नाही, आणि शेवटी जीव वाचवून नोकरी सोडावी लागते. बाबासाहेबांकडं स्वतःचे अनुभव कमी होते काय? चाराचे चाळीस करता आले असते. तरी त्यांनी दुसऱ्यांची दोन प्रकरणं शेजारी ठेवली. का? एकट्याचा अनुभव सांगितला की ऐकणारा म्हणतो, अरेरे, तुझं नशीब. चार जणांचे शेजारी ठेवले की त्याला व्यवस्था दिसायला लागते. नशीब म्हणायची सोय राहत नाही.

याच माणसानं आपलं राजकारणही बदलत नेलं. १९२७ ला महाड, १९३० ला काळारामाचं दार. त्या दारात पाच वर्षं घातली. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात सांगितलं, हिंदू म्हणून मरणार नाही. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांसमोर ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू म्हणून नावानिशी सांगितले, आणि त्याच वर्षीच्या ७ नोव्हेंबरला मुंबईत कम्युनिस्टांबरोबर औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध संप केला. कुणी म्हणेल, सारखी भूमिका बदलली. बदलणारच. अनुभव वाढत जातो आणि मत तिथंच, असं ज्याचं असतं त्याचं मत उसनं असतं.

आता माझं. थोडं लांबून सांगतो.

१८७० साली जळंबपासून खामगावला रेल्वेचा फाटा टाकला. इंग्रजाला आपल्या खामगावचा पुळका नव्हता. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस थांबला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची चव लागली. गठाणी खामगावातनं मुंबईच्या धक्क्याला, धक्क्यावरून बोटीत. कापूस ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं पुढं माणसं गेली. मीही गेलो. दहावीनंतर मलकापूरला येऊन गाडी धरली आणि गोदीत लागलो.

लागलो म्हणजे काय? गोदी कामगाराला १९४८ च्या कायद्यानं नोंदणी मिळाली, बोर्ड मिळालं. ती लढून मिळवलेली गोष्ट होती. १९८९ साली पलीकडं न्हावा शेवा सुरू झालं, कंटेनर आले, टोळ्या कमी झाल्या. १९९४ मध्ये मुंबईचं डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विरून गेलं. माझ्यासारख्याच्या वाट्याला आला तो ठेकेदाराचा गेटपास. हजेरी लागली तर पैसे, खाडा झाला तर नाही. पोलादाची कॉईल येते, कित्येक टनांची. तिच्याखाली आपण असतो.

आमच्या टोळीत एक गाववाला हाय. गाववाला म्हणजे आपल्या जिल्ह्यातला, घाटावरचाच, सिंदखेडराजाच्या बाजूचा. जातीनं मराठा. बापाची दोन एकर कोरडवाहू. कापूस लावला, बोंडअळी आली, कर्ज झालं, बापानं फवारणीचं औषध घेतलं. आपल्या जिल्ह्याला हे नवं नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं त्यात बुलढाणा होता. ३,७५० कोटी. गाववाल्याच्या घरापर्यंत त्यातलं काय पोचलं ते तोच जाणे.

२०१६ साली मराठ्यांचे मोर्चे निघाले तेव्हा हा पोऱ्या त्यात होता, ॲट्रॉसिटी कायद्याविरुद्धची पाटी हातात घेऊन. एका रात्रपाळीत, बोट लागायला उशीर होता, त्यानं मला सरळ विचारलं, 'तुमच्या आरक्षणानं आमच्या नोकऱ्या गेल्या, हे तुला पटते का नाही?' मी त्याला विचारलं, 'आपल्या ठेकेदाराच्या मस्टरवर आरक्षण हाय का?' म्हणाला, नाही. 'पेन्शन?' नाही. 'मग आपण दोघं इथं कसे?' तो गप. मग मी त्याला सांगितलं, मी दहावीला होतो तेव्हा गावात पोळ्याला बैल मिरवायचा मान कुणाचा, यावरून आमच्या वाडीवर चार महिने काम बंद होतं. दळण बंद, किराणा बंद. आता तो चमकला. म्हणाला, 'असं अजून होते?' त्याच्या गावाहून माझं गाव पंचवीस कोस सुद्धा नाही!

दोन अनुभव समोरासमोर बसले होते. त्याच्या बापाचं प्रेत खरं होतं. माझ्या आईची बंद झालेली चूल खरी होती. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, तुझ्या बापाच्या मरणाचं कारण खालच्या आळीत राहतं. बियाणं, भाव, सावकार, बँक, आटलेली सरकारी भरती, यातलं एकही नाव त्याला सांगितलं गेलं नव्हतं. त्याच्या दुःखाचा पत्ता कुणीतरी खोडून तिथं माझा पत्ता लिहिला होता.

मग एक दिवस तारेचा दोर तुटला आणि कॉईल सरकली. गाववाल्याचा पाय सापडला. ठेकेदाराच्या माणसानं लिहायला घेतलं, अपघात गेटच्या बाहेर झाला. आमची टोळी बसली. टोळीत मी, दरभंग्याचा एक मुसलमान, दोन तमिळ, एक घाटाखालचा कोळी, बाकी आपलेच. एक पूर्ण पाळी काम बंद. बोट उभी. उभ्या बोटीचं भाडं चढतं, हे मालकाला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. संध्याकाळपर्यंत कागद बदलला आणि दवाखान्याचा खर्च मिळाला. पुढच्या महिन्यात दोघांना कामावर बोलावलं नाही, तेही सांगतो. फुकट काही नसतं.

इथं एखादा सिनेमा संपला असता. लाल झेंड्याचं एखादं भाषणही संपलं असतं, की बघा, घामाला जात नसते. पण घामाला जात असते, मित्रांनो. पाय बरा झाल्यावर गाववाल्यानं बहिणीच्या लग्नाला बोलावलं. बोलावलं आणि खाली मान घालून म्हणाला, 'भाऊ, गावात आडनाव नको सांगू.' गोदीत एका डब्यात जेवणारा माणूस! मी गेलो. पहिल्याच म्हाताऱ्यानं विचारलं, 'पाव्हणे, कोण तुम्ही?' मी आडनाव सांगितलं. चहा आला. सगळ्यांना कपबशीत, मला कागदी कपात. गाववाल्यानं बघितलं. बोलला काही नाही. परतीच्या गाडीत भुसावळपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, 'तो कप म्या पायला.'

त्याचं हृदयपरिवर्तन झालं, असं मी सांगणार नाही. आजही तो त्याच्या मोर्चाला जातो. आरक्षण मागतो. मागू द्या. पण ॲट्रॉसिटीची पाटी त्यानं परत हातात घेतली नाही, आणि टोळीत कुणी आमच्या जातीवरून बोललं तर आधी तो उठतो. एवढंच झालं. एवढ्याला सात वर्षं लागली, एक पाय लागला आणि एक कागदी कप लागला.

मुंबईच्या गिरण्यांत हे आधी होऊन गेलंय. कामगार एक, युनियन एक, पण अस्पृश्याला विणकामाच्या साचेखात्यात जागा नाही. का, तर धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागतो, आणि आपल्या माणसाचं तोंड लागलेला धोटा वरच्या जातीचा कामगार कसा तोंडाला लावणार? साचेखात्यात पगार जास्त. म्हणजे विटाळ सुद्धा पगाराच्या बाजूनंच उभा. १९२८ चा मोठा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी हा प्रश्न टेबलावर ठेवला. ज्यांना 'फूट पाडू नका' म्हणावंसं वाटलं, त्यांना कधी धोटा नाकारला गेला नव्हता. त्यांचा अनुभवच तेवढा होता. म्हणून स्वतःचा अनुभव पुरत नाही म्हणतो मी, शेजारच्याचा मागावा लागतो.

आणि मागून घेतला तर काय होतं, तेही एका गोदीतलंच उदाहरण. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को बंदर. १९३४ साली तिथं गोदी कामगारांचा मोठा संप झाला. काळ्या माणसांना तोवर टोळीत घेत नव्हते, मालक त्यांना संप फोडायला आणायचे. हॅरी ब्रिजेस नावाच्या गोऱ्या पुढाऱ्यानं हे ओळखलं, आणि त्यांच्या युनियननं काळ्यांना आत घेतलं. १९८४ साली त्याच बंदरात नेडलॉइड किंबर्ली नावाची बोट लागली, दक्षिण आफ्रिकेचा माल घेऊन. गोदी कामगारांनी अकरा दिवस त्या मालाला हात लावला नाही. त्यांच्यातल्या किती जणांनी दक्षिण आफ्रिका पाहिली असेल? वर्णभेदाचा तिथला फटका त्यांच्या पाठीवर नव्हता. दुसऱ्याच्या पाठीवरचा त्यांनी आपला मानला. १९९० मध्ये मंडेला पलीकडच्या ओकलंडला आले तेव्हा त्यांनी या कामगारांचे आभार मानले. ओकलंड म्हणजे १९६६ साली ब्लॅक पँथर जिथं जन्मली ते गाव. तिचं नाव घेऊन १९७२ साली मुंबईत आपली पोरं उभी राहिली. म्हणजे आपल्या चळवळीचं नावच मुळी दुसऱ्याच्या अनुभवावरून आलेलं हाय.

आता तुमच्याशी थोडं कडू बोलतो. इथं बसलेली बरीच पोरं आता पुण्यामुंबईत, नागपुरात राहतात. तुमच्यात मला दोन रोग दिसतात.

पहिला रोग, 'मला कधी जात आडवी आली नाही.' आली नसेल, आनंद हाय. तुझा बाप, तुझा आजा तिच्या आडवा झोपला होता म्हणून तुला वाट मोकळी मिळाली. आणि तरी सांगतो, २०१९ साली मुंबईतच डॉक्टर पायल तडवी गेली. तीही शिकत होती, तीही मोठ्या शहरात होती.

दुसरा रोग आमच्या कवी लोकांचा. अनुभवाचं प्रमाणपत्र करून गळ्यात घालायचं. मी भोगलंय, तेव्हा मी म्हणतो ते बरोबर, तू गप्प बस. हेच वाक्य माझे दोन्ही आजे बोलायचे, हे विसरू नका. एका संपादकानं मला लिहिलं, 'आपला अनुभव फार दाहक आहे, अजून दाहक पाठवा.' दाहक! मी काय गॅसची टाकी आहे? आमच्या जखमेवर वाचणाऱ्याचे डोळे ओले झाले की त्याचं काम संपलं, आणि आमचंही संपलं असं आम्ही समजलो, तर ती कविता ओट्यावर बसलेल्या पुढाऱ्याच्याच कामाची.

आणि खिशातला मोबाईल. १ जून २०२३ ला नांदेडजवळ बोंढार हवेलीत अक्षय भालेराव या पोराचा खून झाला. गावात भीमजयंती काढल्याचा राग, अशी फिर्याद. तुम्ही सगळ्यांनी फोटो लावला. मीही लावला. किती दिवस? पुढच्या आठवड्यात दुसरा फोटो. राग रोज नवा आणि समज जुनीच. दुसऱ्याचा अनुभव मागून घेणं म्हणजे हे नव्हे. त्या गावात गायरान कुणाच्या ताब्यात, मजुरीचा भाव कोण ठरवतो, मिरवणुकीची परवानगी कोण अडवतो, हे विचारलंत तर तो अनुभव तुमच्यापर्यंत आला. नाहीतर फक्त फोटो आला.

शिबिर हाय, तर एक काम सांगून बसतो. आज रात्री प्रत्येकानं एक पान लिहा. डाव्या बाजूला, तुमच्या आयुष्यात काय घडलं ते. 'म्हणून' हा शब्द वापरायचा नाही. उजव्या बाजूला लिहा, त्याचा अर्थ तुम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितला, आणि तो अर्थ तुम्ही मानल्यानं कुणाचा फायदा झाला. मग ते पान शेजारच्याला द्या आणि त्याचं तुम्ही घ्या. चार पानं शेजारी ठेवली की नशीब आणि व्यवस्था यातला फरक कळायला लागेल. कळला नाही तर परत भांडू, रात्र मोठी हाय.

आणि शिबिर संपल्यावर गावाकडं जा. या जिल्ह्यात रोज कुणीतरी मार खातंय. कुणाची मजुरी बुडतेय, कुणाचं गायरान काढून घेतायत, कुणाची वरात अडतेय, कुणाचा बाप औषधाचा डबा हुंगतोय, आणि तो बाप आपल्या जातीचाच असेल असं नाही. तो माणूस आज रात्री घरी एकटा बसेल. त्याच्या ओट्यावर कुणीतरी येऊन बसणारच हाय, अर्थ सांगायला. तुम्ही आधी पोचा.

जय भीम.